अक्का, स्टेजवर माझी बायको अजून जिवंत आहे

गणपती आणि नवरात्राचा सीझन संपला की मला एका ठरावीक प्रकारची पत्रं यायला लागतात, प्रोग्राम करणाऱ्या लोकांना तेवढ्यातच जरा टेकायला वेळ मिळतो ना. ह्या वेळी त्यातलीच चार घेतलीत. नावं काढलीत, गावं मोघम केलीत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

पत्र पहिलं

अक्का नमस्कार. मी खेळ पैठणीचा करतो. नाव लिहीत नाही, खरं बेळगाव खानापूर साइडला निम्म्या बायका मला नुसतं भावजी म्हणूनच ओळखतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, मग जत्रा, मग गणपती, नवरात्र, असं वर्ष जातंय. संगीत खुर्ची, फुगे फोडणं, उखाणे, शेवटी पैठणी. चिक्कोडी बाजूला गेलो की निम्मं कन्नड, "बर्री अक्का, लाजायचं नाही आता" असलं मिक्स बोललं की स्त्रीशक्ती संघाच्या बायका खूश.

माझा एक ठरलेला जोक आहे. साडेदहा वाजले की मी घड्याळ बघतो आणि म्हणतो, सोडा आता मला, घरात तुमची जाऊबाई लाटणं घेऊन दारात उभी आहे. हमखास हशा. हा जोक मला बायकोनंच दिलेला, एकदा खरोखरच उशीर झाला होता आणि ती खरोखरच चपात्या लाटता लाटता दार उघडायला आली होती, तेव्हा म्हणाली, हे सांगा की तुमच्या बायकांना.

मागच्या वर्षी ती गेली. आजारपण मोठं नव्हतं, महिन्याभरातच सगळं आटपलं. तेरावं झालं आणि लगेच पुढच्या आठवड्यात प्रोग्राम, अ‍ॅडव्हान्स घेतलेला आणि तो दवाखान्यात खर्च झालेला, परत कुठनं करू. गेलो. उखाणे चालू झाले, एका वैनींनी घेतला, "बेळगावचा कुंदा, गोकाकचं करदंट, अमुकरावांशी भांडून भांडून घसा झाला बंद", सगळ्या हसल्या, मी पण हसलो आणि साडेदहाला तोंडातनं आपोआप ते लाटण्याचं गेलं. लोक हसले. तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रामला म्हणतो, नाही म्हटलं तर बायकाच आठवण करून देतात, भावजी, जाऊबाईचं राहिलं की.

परवा मुलाला बरोबर नेलं होतं, सातवीत आहे, साउंडवाल्याशेजारी बसतो. परत येताना ओमनीत मागं खुर्च्या आणि फुगे भरायचं मशीन, हा पुढं माझ्या बाजूला, देसूर मागं पडेपर्यंत गप्प. मग म्हणाला, पप्पा, तुम्ही ते लाटण्याचं बोललात की मला घरी जायची घाई होते.

मला काय बोलायचं सुचलंच नाही. गाडी चालवत राहिलो.

हल्ली प्रोग्राम झाला की साउंडच्या पोरांबरोबर बसतो, आधी कधीतरी बसायचो, आता दरवेळी. झोप तीनला. आई म्हणते पोरासमोर डोळ्यातनं पाणी काढायचं नाही. मंडळांना सांगितलं तर हळदीकुंकवाच्या प्रोग्रामला असला माणूस कोण बोलावणार, सुपाऱ्या जातील. अक्का, मी लोकांना फसवतोय का? आणि तिला पण? जोक बंद करू की धंदाच बंद करू?

अक्का : भावजी, धंदा बंद करू नका. हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट वाचाल.

स्टेजवर जो उभा असतो तो भावजी, तुम्ही नाही. त्याची लाटणंवाली बायको हीसुद्धा त्या खेळातलीच एक बाई, आणि समोर बसलेल्या बायकांना हे पक्कं माहीत असतं. त्यातल्या कितीजणी घरी दारुडा नवरा, सासूचं लकव्याचं अंथरूण, थकलेलं कर्ज ठेवून दोन तास आलेल्या असतात, त्या काय तुमचं लग्नाचं सर्टिफिकेट तपासायला येत नाहीत. फसवणूक वगैरे मनातनं काढा.

आणि ते दोन तास तुम्हालाही चांगलेच आहेत असं माझं मत आहे. नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दोघांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली, ती दुःखाचं काम करणारे लोक आजही वापरतात. त्यांचं म्हणणं साधारण असं की माणूस एकसारखा दुःखात बसत नाही आणि एकसारखा बाहेरही राहत नाही, तो आत जातो, बाहेर येतो, परत आत जातो, आणि हे येणं-जाणं चालू राहणं हीच सावरण्याची रीत. कामात गुंतलो, हसलो, म्हणजे तिला विसरलो असं समजून स्वतःला टोचत बसू नका.

पण तुमचं येणं-जाणं कुठं आहे? तुम्ही नुसते बाहेरच आहात. स्टेजवर हसायचं, गाडीत पोरगा म्हणून गप्प, घरात आई म्हणून गप्प, आणि मग साउंडच्या पोरांबरोबर ग्लास. १९९७ साली अमेरिकेत ग्रॉस आणि लेव्हेन्सन यांनी कॉलेजच्या मुलींना फिल्म दाखवल्या, त्यात एक दुःखाची, आणि काहीजणींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. चेहरे त्यांनी छान सांभाळले, पण आतलं दुःख तेवढंच राहिलं आणि शरीरावरचा ताण मात्र वाढला. हे काही मिनिटांच्या फिल्मचं झालं. तुमचं वर्ष झालंय. ह्यात दारूचं म्हणाल तर तिनं डोळा लागतो पण रात्रीतनं झोप मोडते, तीन वाजता जे छताकडं बघत पडता त्यात तिचाही हात आहे. आणि रात्री खानापूर रोडला ओमनी चालवायची, शेजारी पोरगं. ह्यावर मी आणखी काही लिहीत नाही, तुम्ही शहाणे आहात.

आता पोराचं. मला तुमच्या अख्ख्या पत्रात ती एकच ओळ सारखी वाचावीशी वाटली. घरी जायची घाई होते म्हणाला ना तो, त्याला माहीत आहे आई नाही, बारा-तेरा वर्षांच्या पोराला सगळं कळतं, तरी पाय ओढतातच. आणि तो तुम्हाला हे सांगायला किती किलोमीटर गप्प बसला बघा. घरात आजीनं नियम घातलाय की रडायचं नाही, पप्पा पाळतात, म्हणून तोही पाळतोय. आईला माझ्याकडनं नमस्कार सांगा आणि सांगा की अक्का म्हणाली पोरासमोर एकदा तरी रडा. मुलगा घाबरणार नाही. उलट आपल्या घरात आईचं नाव काढता येतं एवढं त्याला कळेल.

त्याला घेऊन बसा आणि तो जोक कुठनं आला ते सांगा. चपात्या, लाटणं, उघडं दार, ती काय म्हणाली, सगळं. त्याला हे माहीत आहे का? माझी खात्री आहे नसणार, त्याला वाटत असेल पप्पांनी बनवलाय. आणि मग त्यालाच विचारा, म्हणू की नको म्हणू. तो नको म्हणाला तर एक सीझन म्हणू नका, बायकांनी आठवण केली तर म्हणा, जाऊबाईनं सुट्टी घेतलीय, आज मीच चपात्या लाटणार. तो म्हणा म्हणाला तर म्हणा. दोन्ही बरोबर आहे, फक्त ठरवणारा तुम्ही एकटे नको.

आणखी बारकी कामं. साउंडवाल्याला सांगा, तोंडानं, प्यायच्या आधी, की उखाण्याच्या वेळी मला जड जातंय, मी खूण केली की गाणं लाव. उखाण्यांचा भाग काही दिवस गावातल्या एखाद्या शिक्षिकेच्या हातात माईक देऊन उरकला तर काय बिघडतं, उलट गाववाल्यांना बरं वाटतं. तिच्या वर्षश्राद्धाच्या आसपासची बुकिंग घेऊ नका, अ‍ॅडव्हान्स घेतला असेल तर आत्ताच फोन करून तारीख बदला, कारण सांगायचं नसेल तर घरगुती कार्य आहे म्हणा, ते काही खोटं नाही.

सुपाऱ्या जातील म्हणता, ते मला पटत नाही. बायको गेलेल्या पुरुषाला आपल्याकडं शुभकार्यात कुणी अडवलेलं मी बघितलेलं नाही. ते नशीब बायकांचं, त्यावर खाली तिसरं पत्र आहे, ते तुम्ही मुद्दाम वाचा.

आणि डॉक्टरकडं जायचं का? जा. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली त्यात लांबलेलं दुःख ही वेगळी नोंद आहे, सहा महिन्यांच्या वर आणि रोजचं जगणं अडेल इतकं तीव्र राहिलं तर. तुमचं तेच आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही, पण झोप आणि दारू ह्या दोन गोष्टींसाठी तरी बेळगावच्या सिव्हिलमध्ये मानसोपचारवाल्यांना दाखवा, धारवाडचं डिमहान्स, मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल, तेही आहे. तेवढं जमत नसेल तर टेली मानस ह्या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण उचलतात आणि मराठी किंवा कन्नड जे तोंडात येईल त्यात बोलता येतं.

पत्र दुसरं

आमच्या गावच्या नाट्यग्रुपवर दरवर्षी एक मेसेज फिरतो, बालगंधर्वांची मुलगी वारली तरी त्यांनी प्रयोग केला, याला म्हणतात निष्ठा. यंदा आमच्या एका नटाचे वडील गेले म्हणून आम्ही जत्रेतलं नाटक पुढं ढकललं तर लोकांनी हाच मेसेज आमच्या तोंडावर मारला. खरी आहे का ही गोष्ट?
एक हौशी नट, निपाणी भाग

अक्का : खरी आहे. १२ मार्च १९११, मुंबईत मानापमानचा पहिला प्रयोग, त्याच दिवशी मुलगी गेली आणि ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. वय बावीस. कंपनी किर्लोस्कर, म्हणजे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेबांनी काढलेली. एवढं आपल्या मातीतलं असल्यामुळं आपल्याकडं ही गोष्ट जरा जास्तच ऊर भरून सांगतात.

मला त्या माणसाबद्दल आदरच आहे. राग येतो तो मेसेज पाठवणाऱ्यांचा. बावीस वर्षांच्या बापानं त्या रात्री रंग पुसल्यावर काय केलं हे त्या मेसेजमध्ये कधी नसतं, घरी तिची आई होती तिचं काय झालं हेही नसतं. पडदा पडला की मेसेज संपतो. त्यांनी केलं ते त्यांचं त्यांनी केलं, ते दुसऱ्याच्या बापाच्या मयताला मोजपट्टी म्हणून लावायचं नसतं.

तुमच्या गाववाल्यांना दुसरी गोष्ट पाठवा. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची. नऊ महिने भरलेले, फडावर नाचत होत्या, मध्येच आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि परत नाचायला बाहेर आल्या. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी लोक सांगतात. पब्लिकच्या लक्षात आलं की पोट दिसत नाही, चौकशी झाली, आणि कळल्यावर पब्लिकनंच खेळ थांबवायला लावला, बाई तुम्ही आराम करा म्हणाले आणि उठून गेले. तमाशाचं पब्लिक बरं का, ज्याला आपण नावं ठेवतो. तुमच्या जत्रेतल्या पब्लिकला तेवढंही जमलं नाही होय?

नाटक पुढं ढकललंत ते चांगलं केलंत. वर्गणीचा हिशेब तेवढा बोर्डावर लावा, अर्धी बोलणी त्याचीच असतात.

पत्र तिसरं

अक्का मी २९ वर्षांची आहे, खानापूर तालुका. ऑर्केस्ट्रात गाते, भक्तिगीत, लावणी, कन्नड हिट, सगळं. मिस्टर अपघातात गेले त्याला दोन वर्षं होतील. बॅनरवर माझ्या नावापुढं अजून सौ. छापतात. मॅनेजर म्हणतात टिकली लाव, मंगळसूत्र घाल, बायकांचा प्रोग्राम असतो, उगीच विषय नको. म्हणून स्टेजवर घालते आणि टेम्पोत बसल्यावर काढून पर्समधल्या डबीत ठेवते कारण घरी सासूबाईंना चालत नाही. परवा हळदीकुंकवाच्या प्रोग्राममध्ये गाऊन झालं, सगळ्यांना हळदीकुंकू आणि वाण दिलं, मला पण द्यायला आल्या आणि मागनं कुणीतरी त्या बाईच्या कानात काहीतरी सांगितलं. ती ताट घेऊन पुढं गेली. मी हसत उभी होते कारण पुढचं गाणं माझंच होतं. कोणतं ते सांगत नाही, नाचायचं गाणं होतं.

अक्का : बाळ, तुझं पत्र वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी घासली.

तुला दोन सोंगं घ्यावी लागतायत. स्टेजवर नवरा असल्याचं आणि घरात तुला काहीच नको असल्याचं, आणि दोन्ही दुसऱ्यांनी ठरवलेली. ते डबीतलं मंगळसूत्र कधी घालायचं, कधी काढायचं, का कायमचं घालायचं का कधीच नाही, हे तुझं तू ठरव. नवऱ्याची आठवण म्हणून घरात घालावंसं वाटलं तर घाल आणि सासूबाईंना म्हण की हे तुमच्याच मुलानं बांधलंय. मॅनेजरला सांग की बॅनरवर नुसतं नाव टाका, पुढं काही नको. मोठमोठ्या गायिकांच्या नावापुढं कुणी काही छापत नाही, तिकिटं तरी खपतात. तू त्यांची मेन आवाज असशील तर तो ऐकेल, सीझन तोंडावर आला की मग बोल, तेव्हा जास्त ऐकतात.

ताट पुढं नेलं त्या बाईबद्दल लिहायचं तर पान पुरणार नाही. निपाणीपासून फार लांब नाही, सीमेपलीकडं महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना सांगितलं की तुम्ही पण असंच करा. सीमेच्या अलीकडं आपण सरकारी कागदाची वाट बघत बसायची गरज नाही, सोयरीक तर आपली तिकडचीच आहे, लग्नात चालणारं तिकडचं सगळं आणतो, मग हे पण आणा की.

आणि भावजी, तुम्ही वाचताय ना? तुमच्या हातात माईक असतो. मंडपात मागच्या भिंतीला टेकून ज्या बसलेल्या असतात, कधीच खेळायला उठत नाहीत, त्या तुम्हाला माहीत आहेत. कुणाकडं बोट न दाखवता नुसतं म्हणायचं, नाव घ्यायचं नसलं तरी खेळायला या, इथं सगळ्यांना एकच नियम, फुगा फुटला की औट. ह्यानं तुमचं दुःख जाईल म्हणून सांगत नाही, त्याचा आणि ह्याचा संबंध नाही. तुम्हाला जमण्यासारखं आहे म्हणून सांगतेय.

बाळ, तुझ्याबरोबरच्या कोरसमधल्या पोरींपैकी एकीला तरी ते ताटाचं सांग. मला लिहिलंस तसंच सांग.

पत्र चौथं

आमचं सोंगी भजन आहे. त्यात जो बाईचं सोंग घेतो तो आमचा हुकमी एक्का, तो नुसता आला तरी लोक हसतात. भाऊ वारल्यापासून त्याचं जरा बिनसलंय खरं भजनात पहिल्यापेक्षा जास्त हसवतोय. परवा त्यानं आपली साडी, गंगावन, चाळ सगळं एका पोराला देऊन टाकलं आणि म्हणाला पुढच्या वर्षी तू नाच, मी नसतो. सगळे हसले. मी ढोलकीवर होतो, मला कसंतरीच झालं. विचारलं तर जोक करील.
चिक्कोडी तालुका

अक्का : तुम्ही नंबर दिला होता म्हणून हे सगळं छापायच्या आधीच तुम्हाला फोनवर सांगितलंय. इथं देतेय ते दुसऱ्या कुणाच्या भजनात असा मित्र असेल तर त्याच्यासाठी.

जोक करील म्हणून थांबायचं नाही. त्याला एकट्याला गाठायचं, बांधावर नाहीतर गाडीवर, ग्रुपमध्ये अजिबात नाही, आणि सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार येतो का रे मनात? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. त्यानं जोक केला तर हसू नका. गप्प बसा आणि परत विचारा, तुम्ही हसला नाहीत हेच त्याला वेगळं वाटेल, त्याच्यासमोर आजवर न हसणारा कुणी बसलेलाच नाही.

होय म्हणाला, किंवा होय म्हणाला नाही पण डोळे खाली घातले, तर त्याला एकटं सोडायचं नाही. तिथंच बसून १४४१६ लावा, स्पीकरवर ठेवा, दुसऱ्या दिवशी तुम्हीच गाडीवर घालून दवाखान्यात न्या, तू जाऊन ये म्हणून चालणार नाही. घरात त्याच्या बायकोला विश्वासात घ्या, आणि शेतावर मारायचं औषध घरात असेल तर ते त्याच दिवशी तुमच्या घरी आणून कुलपात ठेवा, फवारणीला लागलं तर तुम्ही नेऊन द्या. ती साडी आणि गंगावन त्या पोराकडनं लगेच परत मागू नका, पोराला ओझं होईल.